शरदातल्या पतंगांसाठी चादर लावावी की गूळ?

पाऊस ओसरलेला, हवेत ओल टिकून, रात्री अजून उबदार. सह्याद्रीच्या बाजूला घर असेल, तर बागेतले पतंग नोंदवायला सप्टेंबर-ऑक्टोबरसारखे दिवस नाहीत. प्रश्न एवढाच, की चादर आणि दिवा लावायचा, की खोडाला गूळ-केळ्याचा लेप?

चादरीला फार काही लागत नाही. दोरीवर पांढरी सुती चादर, समोर अतिनील ट्यूब आणि सात ते दहा बसायची तयारी. साध्या एलईडी बल्बवर मात्र विसंबू नका, त्यात अतिनील किरण जवळजवळ नसतातच. चांदण्यात दिवा फिका पडतो, म्हणून कोजागरी नको. दिवाळीतली अमावास्या काळोखी खरी, पण घरोघरी आकाशकंदील. मी तर सर्वपित्री अमावास्येची रात्र राखून ठेवते. चादरीवर लाल-काळे, बारीक पिडेरस किडेही येतात. मानेवर बसला तर फुंकर मारा. चिरडलात तर एक-दोन दिवसांत भाजल्यासारखे फोड उठतात.

लेपाला वीज लागत नाही. काळी पडलेली केळी आणि गूळ दोन दिवस आंबवायचा, तिन्हीसांजेला छातीच्या उंचीवर खोडाला फासायचा. मुंगळे येणारच. टॉर्चला लाल कागद लावून हळूच बघा. खोडाला वाळकं पान चिकटलंय असं वाटतं, आणि तेच पान जरा उघडतं तेव्हा आतून हळदी-केशरी पंख दिसतात. हा युडोसिमा. याची सोंड संत्र्या-मोसंबीची साल भेदते आणि अळ्या गुळवेलीवर वाढतात. कुंपणावर गुळवेल असेल तर एकदा तरी लेप लावाच. ॲटलास किंवा मून मॉथची वाट मात्र तिथे बघू नका. मोठे झाल्यावर ते काही खातच नाहीत. ते दिव्यावर येतात.

दरवर्षीच्या नोंदी ताडून बघायच्या असतील तर मी चादरच सुचवेन. तीच ट्यूब, तीच वेळ, आणि एकही पतंग न आलेली रात्रसुद्धा वहीत हवी. लेप दर खेपेला वेगळा आंबतो, त्यामुळे आकड्यांची तुलना जमत नाही. पण रस्त्यावरचा दिवा थेट बागेत पडत असेल, तर चादरीची खटपट वाया जाते. तिथे गूळच बरा.

दोन्हीकडे फोटो दोन काढा, एक वरून, एक बाजूने. नाव कळलं नाही तरी तारीख, वेळ आणि चांदणं होतं की नाही, ते तिथल्या तिथे लिहा.