मांडीवरचं तिकीट : सात महिन्यांच्या बाळासाठी पाच तारे, तेवीस महिन्यांच्या बाळासाठी दोन

लांबच्या विमानप्रवासात पोराबाळांच्या नावाने मिळणारी खरी सवलत एकच, दोन वर्षांखालच्या मुलाचं मांडीवरचं तिकीट. मोठ्यांच्या भाड्याच्या साधारण दहा टक्के, वर कर. दोन वर्षं पूर्ण झाली की सीट घ्यावीच लागते, आणि त्यावरची सूट हल्ली नावापुरतीच असते. आम्ही शिकागोजवळ राहतो, माझं माहेर पुण्याचं. दोन्ही मुलांना असं नेऊन झालंय.

थोरला सात महिन्यांचा होता तेव्हा पैसे पुरेपूर वसूल झाले. समोरच्या भिंतीला अडकवतात तो बॅसिनेट, म्हणजे छोटा पाळणा, मिळाला आणि पठ्ठ्या झोपला. हा बॅसिनेट वेबसाइटवर टिक करून मिळेल या भरवशावर राहू नका. फोन करा, बाळाचं वजन सांगा (मर्यादा बहुतेक ठिकाणी दहा-अकरा किलोच्या आसपास असते) आणि त्या ओळीतली सीट पक्की करून घ्या. त्या ओळीची गोम अशी की सीटांमधले हात वर होत नाहीत, कारण जेवणाचा ट्रे त्यांच्याच पोटात असतो. त्यामुळे शेजारची सीट रिकामी मिळाली तरी मोठ्या मुलाला आडवं करता येत नाही. शिवाय सीटबेल्टचा दिवा लागला की बाळाला उचलून घ्यायचं, मग ते नुकतंच झोपलेलं का असेना.

धाकटीची गोष्ट वेगळी. दिवाळीला एतिहादने अबुधाबीमार्गे गेलो, परतताना ती तेवीस महिन्यांची. वय प्रवासाच्या तारखेला मोजतात, नुसतं जातानाच नाही तर येतानाही. परतीआधी दुसरा वाढदिवस झाला असता तर तेवढ्यासाठी सीट घ्यावी लागली असती. म्हणून परतीचं तिकीट वाढदिवसाच्या आधीचं काढलं. आई हिरमुसली, मग कालनिर्णय काढून म्हणाली, "तिथीने आधीच येतोय की गं!" पुरणपोळी तिथीने झाली. विमान कंपनी पासपोर्टवरच्या तारखेने चालते, ते बरंच.

पण अबुधाबी ते शिकागो चौदा-पंधरा तास! पट्ट्यात ओवलेला छोटा जोडपट्टा तिच्या पोटावर, तिचे बूट नवऱ्याच्या ताटात, आणि माझा डावा हात केव्हाच बधिर. बॅसिनेटमध्ये ती मावणारच नव्हती. दीड वर्षानंतर लांब टप्प्यासाठी सीट घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. सीट घेतली तर विमानात चालेल असा शिक्का असलेली कारसीटही वापरता येते.

दीर-जाऊबाईंचंही तान्हं बरोबर असेल तर एका ओळीत बसायची स्वप्नं पाहू नका. सीटांच्या एका गटाला जास्तीचा ऑक्सिजन मास्क साधारणपणे एकच असतो, म्हणून मांडीवरची दोन बाळं शेजारीशेजारी बसवत नाहीत.

पैसे वाचवायची दुसरी जागा म्हणजे तिकीट शोधण्याची पद्धत. स्वस्त दराच्या दोनच सीटा उरल्या असतील आणि तुम्ही तीन मागितल्या, तर बहुधा तिन्ही महाग दराने दिसतात. आधी एकाच माणसासाठी भाव बघा. फरक मोठा असेल तर बुकिंग दोन भागांत करा, पण प्रत्येक मूल कुठल्या तरी मोठ्याबरोबर एकाच पीएनआरवर हवं. आणि मधल्या स्वस्त साइटवरून काढू नका. आम्ही एकीवरून काढलं तर बाळाचं नाव तिकिटात चढलंच नव्हतं, आणि विमान कंपनी म्हणे, "ज्यांच्याकडून घेतलं त्यांनाच विचारा."

अबुधाबीचं कौतुक मात्र करायलाच हवं. अमेरिकेचं इमिग्रेशन आणि कस्टम्स तिथेच उरकतं, त्यामुळे शिकागोला उतरल्यावर बॅगा घ्यायच्या आणि चालू लागायचं. पेंगुळलेली दोन पोरं घेऊन तिथल्या ओ'हेअर विमानतळाच्या रांगेत उभं राहिलेल्यांना याची किंमत कळेल. फक्त मधे निदान तीन तास ठेवा, दीड-दोन तासांचं कनेक्शन कितीही स्वस्त दिसलं तरी.