नोटरीची फारकत आणि कॅनडाची फाईल

गुहागरकडची एक मुलगी. नवऱ्यापासून तीन वर्षं वेगळी, कॅनडात दुसऱ्या जोडीदाराबरोबर राहते. जोडीदार तिथला कायम रहिवासी, म्हणजे तो तिला स्पॉन्सर करू शकतो, तिच्या कायम वास्तव्याच्या अर्जाची हमी घेऊ शकतो. कागदपत्रांसाठी तिचा भाऊ चिपळुणातल्या एका एजंटकडे गेला. एजंट म्हणाला, "घटस्फोट हातात असल्याशिवाय कॅनडावाले फाईलला हात लावत नाहीत. दादा, तुम्ही कोर्टात हेलपाटे घालू नका, कागद आम्ही आणून देतो." कागदाचे एक लाख ऐंशी हजार घेतले. निम्मे रोख, पावती नाही.

एजंटचं पहिलं वाक्यच खोटं होतं, आणि सगळी फसवणूक त्याच वाक्यावर उभी राहिली. कॅनडात लग्न न करता एकत्र राहणाऱ्यांना कॉमन-लॉ पार्टनर म्हणून अर्ज करता येतो. सलग बारा महिने एका घरात जोडप्यासारखं राहिलेलं असावं लागतं. आधीचं लग्न कागदावर शिल्लक असलं तरी चालतं, पण ते खरोखर मोडलेलं आणि दोघं वेगळी राहत असल्याचं दाखवता आलं पाहिजे. दोघांच्या नावाचा भाडेकरार, एकत्र बँक खातं, एकाच पत्त्यावर येणारी विजेची बिलं हे पुरावे. या मुलीकडे ते चौदा महिन्यांचे होते. म्हणजे ज्या कागदाचे पैसे घेतले, तो कागद लागतच नव्हता.

आता तो कागद बघा. आधी पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर "राजीखुशीने फारकत" आणि खाली नोटरीचा शिक्का. एखाद्या जातीत फारकतीची रूढी असेल तर कायदा ती मानतो, पण रूढी सिद्ध करावी लागते. नुसत्या नोटरीने हिंदू लग्न मोडत नाही. भावाने हे विचारल्यावर एजंटने कोर्टाच्या हुकूमनाम्याची झेरॉक्स दिली. त्यावर अर्ज दाखल झाल्याची तारीख आणि निकालाची तारीख यांत वीस दिवसांचं अंतर. संमतीच्या घटस्फोटात, हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13 ब प्रमाणे, अर्जानंतर सहा महिने थांबावं लागतं. 2017 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर हा काळ माफ होऊ शकतो, पण त्यासाठी वेगळा अर्ज आणि त्यावरचा आदेश असतो. तो नव्हता. नवऱ्याचा जबाब नव्हता. सीएनआर क्रमांक, म्हणजे खटल्याचा ओळख क्रमांकही नव्हता. हा सोळा अक्षरं-आकड्यांचा क्रमांक ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर टाकला की खटल्याची नोंद दिसते. दोन मिनिटांचं काम आहे, पैसे देण्याआधी करा.

एजंटने फॉर्ममध्ये वैवाहिक स्थिती 'घटस्फोटित' लिहिली. पासपोर्टवर नवऱ्याचं नाव नाही, तेव्हा कुणाला कळणार, असं तो सांगत राहिला. वेगळ्या राहणाऱ्या व्यक्तीला जोडीदाराचं नाव न घालता पासपोर्ट मिळतो, म्हणून पासपोर्टवरून काहीच सिद्ध होत नाही. ती शिकायला गेली तेव्हाच्या अर्जात मात्र नवऱ्याचं नाव होतं, 'विवाहित' लिहिलेलं होतं. जुनी फाईल तिकडच्या अधिकाऱ्यासमोर असते. खुलासा मागणारं पत्र आलं. खोटी माहिती दिल्याचं ठरलं तर पाच वर्षं कॅनडाची दारं बंद होतात. पत्र आल्यावर अर्ज मागे घेऊन सुटका होतेच असं नाही. दिलेल्या मुदतीत, खरं काय ते सांगून उत्तर द्यावं लागतं; पैसे देऊन मदत घ्यायची तर ती परवानाधारक सल्लागाराकडूनच घ्या.

एजंटचा आणखी एक सल्ला: "मुलाचं नाव लिहू नका, फाईल जड होते." मुलगा आजोळी, सात वर्षांचा. हा सल्ला सर्वांत घातक. बरोबर येणार नसलं तरी प्रत्येक मूल फॉर्ममध्ये दाखवावं लागतं आणि त्याची वैद्यकीय तपासणी व्हावी लागते. लपवलेल्या मुलाला पुढे फॅमिली क्लासमधून, म्हणजे कुटुंबीय म्हणून, बोलावण्याचा रस्ता बंद होऊ शकतो. आईने आपल्याच हाताने मुलाला बाहेर ठेवल्यासारखं ते होतं.

काही एजंट देवळात माळा घालून फोटो काढा असंही सुचवतात. पहिलं लग्न कायम असताना दुसरं लग्न केलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 82 खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. कॉमन-लॉ अर्जाला लग्नाचा फोटो लागत नाही.

घटस्फोट हवाच असेल तर तो परदेशात बसूनही करता येतो. वकिलातीत साक्षांकित केलेलं मुखत्यारपत्र भावाच्या किंवा वडिलांच्या नावे पाठवायचं. महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचं. ही मुदत अनेकांची हुकते. जबाब व्हिडिओवरून घ्यावा अशी विनंती वकिलामार्फत कोर्टाला करता येते.

कॅनडासाठी पैसे घेऊन सल्ला देणारा माणूस तिथल्या कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्सचा सदस्य किंवा तिथला वकील असावा लागतो. त्या संस्थेची सदस्ययादी कुणालाही बघता येते. एजंटला सदस्य क्रमांक विचारा आणि यादीत नाव, क्रमांक दोन्ही जुळवा. "आमचा माणूस टोरांटोत आहे" हे उत्तर आलं तर तिथून उठा. पैसे आधीच ऑनलाईन गेले असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर फोन करा, आणि फॉर्मची सही केलेली प्रत एजंटकडे लेखी मागा. त्यात काय खोटं लिहिलंय ते त्याशिवाय कळणार नाही.