पाखाडीवरचे स्पीकर : नऊ महिने वापरल्यानंतर

गेल्या वर्षी तुळशीची लग्नं लागली त्याच आठवड्यात मी माझी स्पीकरची जुनी पेटी भातगिरणीच्या काट्यावर ठेवली. ३४ किलो ६०० ग्रॅम. गिरणीवाला म्हणाला, "पोतं परवडलं रे, त्याला धरायला कान तरी असतात." पेटी पंधरा इंची, अठरा एमएम प्लायची, वरून काळं रेक्सिन, दोन्ही बाजूंना लोखंडी हँडल. अशा दोन. शिवाय अँपची (अँप्लिफायरची) रॅक, ती २८ किलो. अकरा वर्षं हे सगळं मी आणि माझा पुतण्या उचलत होतो, पण वजन कधी केलं नव्हतं. केलं, कारण दिवाळीच्या आधी कमरेने जवाब दिला होता. डॉक्टरांनी एमआरआय बघून विचारलं, "धंदा काय करता?" मी डीजे म्हटल्यावर ते हसले. त्यांना वाटलं, उभं राहून बटणं फिरवायचा धंदा.

मी देवरुख-संगमेश्वर भागात काम करतो. हळद, साखरपुडा, बारसं, सत्यनारायण, शिमग्यात पालखी घरी येते तेव्हा, आणि गणपतीत जाखडीला, म्हणजे कोकणातल्या नाच-गाण्याला, माइक. मोठ्या मिरवणुका, ट्रकवर भिंत रचणं हे माझं काम नाही. माझी अडचण वेगळी आहे. नेटवर स्पीकरचे अनुभव लिहिणारे बहुतेक जण सपाटीवरचे. टेम्पो मांडवाला लावायचा आणि पेट्या खाली सरकवायच्या. आमच्याकडे रस्ता वर, वाडी खाली, आणि मधे पाखाडी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो : जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची वाट. कुठे तीस पायऱ्या, कुठे दीडशे. एक पायरी वीतभर, तर पुढची गुडघ्याएवढी. पावसाळ्यात वर शेवाळ. आणि रात्री साडेदहाला हेच सगळं परत वर चढवायचं, तेव्हा हळदीतली पोरं जेवायला बसलेली असतात आणि 'आम्ही लावतो की हात' म्हणणारा नवऱ्याचा मामा झोपलेला असतो.

म्हणून स्पीकर निवडताना मी आवाज दुसऱ्या नंबरावर ठेवला. पहिला प्रश्न एकच : पुतण्या आला नाही, तर हे मी एकटा वर आणू शकतो का?

कागदावर बघायला सुरुवात केली तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. यामाहाचा डीबीआर १२ हा १५.८ किलोचा, कमाल आवाज १३१ डेसिबल. त्याचाच पंधरा इंची भाऊ डीबीआर १५, वजन १९.३ किलो, आवाज १३२. म्हणजे साडेतीन किलो जास्त उचलायचे आणि पदरात एक डेसिबल. क्यूएससीचा के १२.२ साधारण १७.७ किलोचा, जेबीएलचा ईऑन ६१५ पंधरा इंची असूनही जवळजवळ तेवढाच. मी घेतलेली जोडी यांपैकी कुठलीही नाही. तिचं नाव सांगत नाही, कारण पुढे एक तक्रार आहे आणि ती नक्की कोणाच्या खात्यावर टाकायची ते माझं मलाच ठरलेलं नाही. एवढं सांगतो : बारा इंची, पॉवर्ड म्हणजे अँप आतच असलेली, प्लास्टिक बॉडी, एक नग १७ किलोच्या आतबाहेर. सोबत अठरा इंची एक पॉवर्ड बेस, ४१ किलो.

वॅटच्या आकड्याला भुलू नका. पेटीवर मोठ्या अक्षरात लिहिलेले वॅट बहुतेक वेळा 'पीक' म्हणजे क्षणभराचे असतात, सलग मिळणारे त्याच्या निम्मे किंवा त्याहूनही कमी. आणि वॅट दुप्पट केले तरी आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल. तेवढा फरक कळतो, पण नाचणाऱ्याला कळतो की नाही याची मला शंका आहे. उलट खळ्यात (अंगणात) उभं राहून लोकांपासूनचं अंतर निम्मं केलं, की फुकटात ६ डेसिबल मिळतात.

इतकी हलकी पेटी एवढी वाजते कशी, हे आमच्याकडच्या जुन्या साउंडवाल्यांना अजून पटत नाही. 'वजन नाही म्हणजे माल नाही' हे त्यांचं सूत्र. माझ्या रॅकमधल्या जुन्या अँपचं निम्मं वजन त्यातल्या लोखंडी ट्रान्सफॉर्मरचं होतं. आता क्लास-डी अँप आणि स्विचिंग सप्लाय येतो, त्यात तो बोजाच नाही. अँप पेटीच्या पाठीत बसतो, रॅक घरीच. काही पेट्यांत चुंबकही निओडिमियमचं असतं, फेराइटपेक्षा बरंच हलकं.

आता वापराचं.

वजन म्हणजे नुसता किलोचा आकडा नाही, हँडल कुठे आहे ते अर्धं वजन. माझ्या पेटीला एक हँडल डोक्यावर आणि एक बाजूला. सपाटीवर डोक्यावरच्या हँडलने बॅगेसारखी एकेका हातात एकेक घेऊन चालतो, दोन्ही बाजू सारख्या, कमरेला काहीही होत नाही. ३४ किलोची एक पेटी दोघांनी धरण्यापेक्षा हे कितीतरी सोपं. पण पाखाडीवर दोन्ही हात गुंतले की तोल गेल्यावर धरायला काही उरत नाही. आणि स्टँडवर चढवताना डोक्यावरचं हँडल काहीच कामाचं नाही. तिथे एक हात बाजूच्या हँडलला, दुसरा बुडाखाली, आणि पेटीच्या पोटातलं ३५ एमएमचं भोक न बघता दांड्यावर आणायचं. सुईत दोरा ओवण्यासारखं, फक्त सुई खांद्याएवढ्या उंचीवर आणि दोरा १७ किलोचा. माझी रीत : स्टँड पूर्ण खाली ठेवायचा, पेटी बसवायची, मग दोघांनी उचलून वर घेऊन पिन घालायची. एकटा असेन तर खालीच ठेवतो. पेटी विकत घेताना दुकानात ती एकदा स्टँडवर चढवून बघा. गाणं वाजवून बघतात सगळेच.

पाखाडी उतरायचं मला शिकवलं ते एका काकींनी. डिसेंबरात ओझरे खोऱ्यातल्या एका वाडीत साखरपुडा होता, ऐंशीएक पायऱ्या. मी पेटी पोटाशी कवटाळून एकेक पायरी चाचपत उतरत होतो. काकी डोक्यावर कळशी घेऊन मागून आल्या. थोडा वेळ थांबल्या, मग म्हणाल्या, "पाय कुठे ठेवतोस ते दिसतंय का तुला? बाळंतिणीसारखा चाललायस." खरंच दिसत नव्हतं. पोटाशी धरलेल्या पेटीने खालच्या तीन पायऱ्या झाकल्या जातात. त्यांनी पदराखालून फडक्याची चुंबळ काढून दाखवली : ओझं डोक्यावर किंवा पाठीवर, नजर मोकळी, एक हात मोकळा. डोक्यावर घ्यायची माझी हिंमत नाही, मानेचा मणका अजून शाबूत आहे. पण गावात परत आल्यावर रिक्षाच्या सीट शिवणाऱ्याकडे गेलो आणि दोन्ही पेट्यांना जाड रेक्सिनची खोळ शिवून घेतली. आत फोम, पाठीला दोन रुंद पट्टे, आणि छातीवर एक आडवा पट्टा. शाळेच्या दप्तरासारखं. दोन खोळींचे १,८०० रुपये. नऊ महिन्यांत या सगळ्या सेटअपवर केलेला सगळ्यात चांगला खर्च हाच. पेटी पाठीवर, एका हातात काठी, दुसरा हात कडेच्या दगडी गडग्याला.

खोळीची एक चूक मात्र माझी. मार्चमध्ये अवकाळी पाऊस आला, हळद रंगात आलेली. पेट्यांवर पटकन खोळी चढवल्या, जाळी तेवढी उघडी ठेवली. वीस मिनिटांत उजवी पेटी बंद, मागे लाल दिवा. अँप थंड ठेवणाऱ्या पाठीवरच्या हीटसिंकला हवाच नव्हती. थंड झाल्यावर आपोआप सुरू झाली, काही जळलं नाही, पण तेवढी पंधरा मिनिटं करवल्यांनी डब्यावर ताल धरून वेळ निभावली. नवरीच्या आईने नंतर सांगितलं, तीच पंधरा मिनिटं सगळ्यात मजेची होती. आता पावसाला मेणकापडाचं छप्पर बांधतो, पाठीमागे वीतभर जागा सोडून.

व्होल्टेजचं दुखणं जुनंच. लाइनच्या टोकाच्या घरात संध्याकाळी मल्टिमीटरवर १६८ दाखवतं. जुना अँप रडत-रखडत वाजायचा. नव्या पेट्यांतले टॉप, म्हणजे बारा इंची जोडी, १८० पर्यंत तक्रार करत नाहीत, बेस मात्र १९०च्या खाली गेला की दर ठोक्याला मान टाकतो. म्हणून स्टॅबिलायझर घेतला. तो १४ किलोचा. म्हणजे रॅकचं ओझं कमी केलं आणि त्यातलं निम्मं परत घरात आणलं. हसू नका. आणि एक काळजी : आधी मीटर लावायचा, मग पेट्यांची पिन. मांडववाल्याने ओढलेल्या वायरीत न्यूट्रल सुटला तर २३०च्या जागी ४०० च्या आसपास येऊ शकतात, मग स्विचिंग सप्लाय एका क्षणात जातो. शेजारच्या गावातल्या एकाच्या चारही पेट्या अशाच गेल्या. त्याने मीटर गाडीत ठेवला होता.

आता बेस. खरं सांगायचं तर इथे माझा हिशोब चुकला. ४१ किलो एकट्याचं काम नाही. दोघांनी बांबू घालून डोलीसारखा नेला तरी पाखाडीवर खालच्या माणसावर सगळं येतं. वर चढताना तर पुतण्या खाली आणि मी वर, आणि तो अर्ध्या वाटेत 'काका, थांब' म्हणतो तेव्हा थांबायला जागा नसते. माणसाने उचलायच्या ओझ्यासाठी अमेरिकेत नायॉश या कामगारांच्या सुरक्षिततेवर काम करणाऱ्या सरकारी संस्थेचं एक सूत्र आहे. त्यात सगळं अनुकूल असलं, वजन अंगाजवळ, पकड चांगली, कंबर न वळवता, तर सुरुवात २३ किलोपासून होते आणि अडचणी वाढतील तसा आकडा खाली येतो. त्यात शेवाळलेली पायरी धरली तर किती उरेल याचा हिशोब मी केला नाही. आता माझा नियम असा : पन्नासच्या वर पायऱ्या असतील तर बेस खाली येणार नाही. ऑर्डर घेताना फोनवर पहिला प्रश्न 'तारीख कुठली' हा नाही, 'गाडीपासून खळ्यापर्यंत पायऱ्या किती' हा. लोक 'जास्त नाहीत, आठ-दहा' म्हणतात. त्याला पाचने गुणायचं.

बेसशिवाय नाचायला मजा कमी, हे मान्य. पंधरा इंची घेतली असती तर थोडा ठोका मिळाला असता, ही खंत मला आजही आहे. एक डेसिबलच्या हिशोबात खालचा ठोका दिसत नाही. पण एक तोडगा हाताला लागला. टॉप खळ्याच्या मधोमध स्टँडवर न ठेवता घराच्या जोत्यावर, भिंतीला टेकून ठेवायचे. भिंत आणि जमीन मिळून खालचा आवाज पुढे ढकलतात, ठोका बराच भरतो. उंची गेल्यामुळे मागच्यांना बोल कमी ऐकू येतात, पण हळदीत मागे उभे राहणारे बोल ऐकायला आलेले नसतात. जाखडीला उलट : तिथे मृदंग आणि घुंगरू जागेवरच असतात, गाणाऱ्याचा शब्द पोचला पाहिजे, म्हणून पेट्या स्टँडवर उंच, बेस नको.

स्टँडचा एक प्रसंग. फेब्रुवारीत एका पोराच्या पायात वायर अडकली आणि डावी पेटी स्टँडसकट आडवी झाली. नशीब, शेणाने सारवलेलं खळं, जाळीला पोचा, बाकी ठीक. त्यानंतर स्टँडच्या पायावर पाच किलो वाळूची पिशवी, वायर पायाला दोन वेढे घालून, आणि तिसरा पाय उताराच्या बाजूला. वाळू तिथलीच भरतो, ती वाहून नेत नाही.

आणि ती तक्रार. पाचव्या महिन्यात उजव्या पेटीतून खरखर यायला लागली, ठराविक सुरालाच. कोन फाटला म्हणून मी धसका घेतला. दोन रात्री घालवल्यावर कळलं, बाजूच्या हँडलचे दोन बोल्ट ढिले होते. आवळायला गेलो तर प्लास्टिकमधली पितळी नट-बैठकच गरागरा फिरली. ऐन मे महिन्यात पेटी मुंबईला दुकानदाराकडे पाठवली. सात आठवडे. दर फोनला 'पार्ट येतोय'. शेवटी परत आली तशीच, नट चिकटवून. माझ्या खोळीच्या पट्ट्यांचा ताण हँडलवर येत नाही, हे मी फोटो काढून दाखवलं, तरी 'हँडलिंग' म्हणून वॉरंटी नाकारली. त्या सात आठवड्यांत चौदा ऑर्डरी एका पेटीवर केल्या. आणि गंमत म्हणजे बारशाला, पूजेला एक पेटी पुरते, हे तेव्हा कळलं. आता लहान कामाला एकच नेतो. प्लायच्या पेटीला असं झालं असतं तर सुताराने तासाभरात दुसरा बोल्ट मारला असता, हेही खरं. प्लास्टिक हलकं, पण गावात दुरुस्त होत नाही. वर खाडीपट्ट्यातल्या तीन-चार कामांत जाळीवर गंजाचे ठिपके आले ते वेगळेच.

रात्री दहाला बंद करायचं, हा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांचा भाग आहे, आणि राज्याने सवलत दिलेले मोजके दिवस सोडले तर उघड्यावरच्या कार्यक्रमाला त्यात सूट नाही. मला तर तो नियम देवासारखा वाटतो. दहाला बंद, म्हणजे साडेअकरापर्यंत पेट्या गाडीत.

जुनी जोडी २२ हजारांना गेली, घाटावरच्या एकाने घेतली. न्यायला तो टेम्पो आणि तीन माणसं घेऊन आला. पेट्या उचलताना म्हणाला, "माल आहे बरं का!" मी कमरेवर हात ठेवून हो म्हटलं.

गौरी-गणपतीच्या सात ऑर्डरी लागल्यात. एक कसब्याच्या पलीकडच्या वाडीतली, जाखडीची. यजमान फोनवर म्हणाले, पायऱ्या तीसेक. मी रविवारी जाऊन मोजून आलो, एकशे बारा. दोन टॉप, दोन माइक, छोटा मिक्सर, वाळूसाठी रिकाम्या पिशव्या. बेस घरी, त्याच्यावर सध्या पुतण्या मोबाइल चार्जिंगला लावतो.