नेरूळचा क्वीअर शॉर्टफिल्मचा खेळ: निवड चोख, सबटायटल घसरलेली

'विस्थापन' या विषयावर सहा क्वीअर (समलिंगी, ट्रान्स अशा माणसांच्या) शॉर्टफिल्म, साठ खुर्च्या, तिकीट १५० रुपये, रविवारी पाच ते साडेसात. नेरूळ पश्चिमेला एका भाड्याच्या सभागृहात झालेला हा खेळ फिल्मच्या निवडीसाठी नक्की बघावा असा होता. पण त्या पडद्यावर कशा दाखवल्या, हे विचारलंत तर उत्तर लांबतं.

आधी निवड. सुरुवात 'सिसक'ने केली, हे फार शहाणपणाचं. फराज आरिफ अन्सारी यांची २०१७ची ही फिल्म: मुंबईची शेवटची लोकल, डब्यात दोन अनोळखी पुरुष, आणि संवाद एकही नाही. समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या ३७७ कलमावरचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ६ सप्टेंबर २०१८चा, म्हणजे फिल्म बनली तेव्हा कलम जिवंत होतं आणि न बोलणं ही नुसती शैली नव्हती. आयोजकांना त्याचा साधा फायदाही झाला. पहिली पाच-सात मिनिटं लोक येतच असतात. संवाद नसल्यामुळे उशिरा आलेल्याचं काही चुकत नाही. तोटा एवढाच की शांत फिल्ममध्ये स्पीकरची घरघर ऐकू येते, आणि ती शेवटपर्यंत येत होती. लॅपटॉपचा चार्जर आणि ॲम्प्लिफायर वेगवेगळ्या सॉकेटवर असले की ही घरघर बऱ्याचदा येते. दोन्ही एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्यावेत, तरी गेली नाही तर ती फिल्म चालू असेपर्यंत चार्जर काढून ठेवावा. वीस मिनिटं बॅटरी पुरते.

दुसरी फिल्म एका विद्यार्थ्याची, घर सोडून शहरात आलेल्या मुलाची. खरं सांगायचं तर बॅग भरणे, आईने डबा देणे, एसटीच्या खिडकीतून मागे जाणारी झाडं, हे आता पुरे. 'विस्थापन' म्हटलं की दर तिसरी क्वीअर शॉर्टफिल्म एसटी स्टँडवरच जाते. घर सुटलं हे बॅग दाखवून कळत नाही, नव्या खोलीत खिळा ठोकायची परवानगी मिळत नाही तेव्हा कळतं.

ते नेमकं साधलं शेवटच्या, सहाव्या फिल्मने. अकरा मिनिटांची, बहुतेक एकाच खोलीत घडणारी. एक ट्रान्स स्त्री, अकरा महिन्यांचा भाडेकरार, आणि करारावर जुनं नाव. ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठीच्या २०१९च्या कायद्याप्रमाणे ओळखपत्र जिल्हाधिकारी देतात. ते हातात पडेपर्यंत आधार, पॅन आणि बँकेचं पासबुक यांतलं एक जरी मागे राहिलं तरी ब्रोकर कसा गप्प होतो, हे दिग्दर्शिकेने कॅमेरा न हलवता दाखवलंय. डिपॉझिट वाढवून मागण्याचा प्रसंग संपूर्ण फोनवर आहे, समोरचा आवाज ऐकूही येत नाही. खोलीभाडं भरणाऱ्यालाच हे सुचतं.

मधे 'मित्रा'. रवी जाधव यांची, तेंडुलकरांच्या कथेवरची, स्वातंत्र्याच्या आसपासच्या काळातली. ६२व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट कथात्मक लघुपट ठरलेली. कृष्णधवल आहे, आणि इथेच सभागृहाने घात केला. खिडक्या पश्चिमेला, पडदे पातळ, वेळ पावणेसहाची, प्रोजेक्टरचा उजेड ३००० ल्युमेनचाच आणि पडदा दहा फुटी. काळं होतं ते सगळं राखाडी झालं, चेहऱ्यावरची सावली गेली. रंगीत फिल्म अशा उजेडात निभावते, कृष्णधवल नाही. क्रम बदलून ही पाचवी घेतली असती, तरी काम भागलं असतं. नाहीतर खिडक्यांना काळं पोस्टर पेपर आणि डिंकपट्टी, शंभर-दीडशे रुपयांचा मामला.

मध्यंतरानंतर 'यू फॉर उषा', रोहन कानवडे यांची २०१९ची. शेतमजुरी करणारी, निरक्षर, एकटीने मुलं वाढवणारी उषा आणि मुलांच्या शाळेतल्या बाई. तिच्या मनात बाईंबद्दल ओढ येते आणि त्याबरोबर वाचायची इच्छाही. या कार्यक्रमाचा कणा हीच फिल्म. इथे कुणी गाव सोडत नाही, तरी आपल्याच गावात पाटी न वाचता येणारी बाई किती परकी असते ते दिसतं. (याच दिग्दर्शकाच्या 'साबर बोंडं'ला २०२५मध्ये सनडान्सच्या वर्ल्ड सिनेमा ड्रामॅटिक विभागाचा ग्रँड ज्युरी पुरस्कार मिळाला. शहरातून गावी परतलेल्या मुलाची ती गोष्ट बघायच्या आधी 'उषा' बघितलेली बरी.) पाचव्या फिल्मबद्दल विशेष सांगण्यासारखं नाही. छायाचित्रण सुंदर, पात्रं जाहिरातीतली.

आता सबटायटल. विद्यार्थ्याची फिल्म कन्नड होती, मराठी सबटायटल वेगळ्या एसआरटी फाइलमध्ये (वाक्यं आणि ती कधी उमटायची त्या वेळा एवढंच तीत असतं). ती फाइल सेकंदाला २५ फ्रेमच्या प्रतीसाठी बनलेली आणि चालवली २४ फ्रेमची प्रत. फरक दिसायला चार टक्के, पण पंधरा मिनिटांच्या फिल्मच्या शेवटी तो ३६ सेकंदांचा होतो. मुलगा दार उघडायच्या आधीच आईचं उत्तर खाली उमटत होतं, आणि लोक हसले, तेही चुकीच्या जागी. शिवाय फाइल यूटीएफ-८मध्ये (देवनागरी अक्षरं नीट टिकवणाऱ्या पद्धतीत) जतन केलेली नसावी, कारण मधूनच अक्षरांऐवजी प्रश्नचिन्हं. यावर खात्रीचा उपाय एकच: देवनागरी सबटायटल आधीच चित्रावर कायमची उमटवून घ्यावी आणि आदल्या दिवशी शेवटची दोन मिनिटं तपासावी. सगळे पहिली दोन मिनिटं तपासतात, आणि तिथे सगळं जुळलेलंच असतं.

आवाजाची पातळी प्रत्येक फिल्मची निराळी असते. इथे दोन फिल्मच्या मधे कुणी बटण फिरवलं नाही, म्हणून चौथी सुरू होताच पुढच्या रांगेने कान झाकले. फिल्ममागे पाच-सात सेकंद काळा पडदा ठेवला तर आवाज जुळवायलाही वेळ मिळतो आणि बघणाऱ्यालाही श्वास.

पत्रकावर 'विस्थापन' ठळक छापलं होतं. नवी मुंबईत हा शब्द जपून वापरावा. नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ सिडको १७ मार्च १९७०ला स्थापन झालं आणि हे शहर ९५ गावांच्या जमिनीवर उभं राहिलं. इथे विस्थापित म्हटलं की आधी प्रकल्पग्रस्त आणि साडेबारा टक्के (घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात तेवढा विकसित भूखंड परत देण्याची योजना) आठवतात. आगरी-कोळी घरातल्या क्वीअर मुलीची एकही फिल्म यादीत नाही. बनली नसेल, तर फिल्मनंतरच्या चर्चेत तरी हा मुद्दा यायला हवा होता. अर्धा तास चर्चा 'प्रेरणा कशी मिळाली' यातच गेली.

चर्चेत एक गंभीर चूक झाली: एक स्वयंसेवक प्रेक्षकांचा व्हिडिओ घेत होता. घरी न सांगता आलेली माणसं अशा खेळांना हमखास असतात. फोटो नको असलेल्यांना दारातच रंगीत रिबन द्यावी आणि कॅमेरा फक्त मंचाकडे ठेवावा. नावनोंदणीच्या वहीत आडनाव आणि पत्ता मागायचं तर काहीच कारण नाही.

पुढच्या वेळी जाणार असाल तर हार्बर लोकलचा मेगाब्लॉक (रुळांच्या कामासाठी गाड्या बंद) बघून निघा. तो बहुधा चारच्या सुमारास उठतो, पण गाड्या रुळावर यायला अर्धा तास जातो. ठाण्याहून ट्रान्स-हार्बर सोयीची. बसताना तिसरी किंवा चौथी रांग धरा, पण मधली खुर्ची नको, तिथे प्रोजेक्टरचा पंखा डोक्यावर येतो. सभागृह पहिल्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही, आणि स्वच्छतागृह तळमजल्यावर एकच, सर्वांसाठी.