रहस्यकथेचे दोन दिवस: मॅकेनिझ पॅलेसमध्ये की आग्वादच्या तुरुंगात?

आमच्या गोव्यातल्या डिचोलीच्या वाचनकट्ट्यावर गेले तीन महिने एकच खल चालू आहे. शनिवार-रविवार असे दोन दिवस फक्त रहस्यकथा: अभिवाचन, गप्पा, एखादा जुना चित्रपट. माणसं जमतील. बाबूराव अर्नाळकरांच्या हजारावर पुस्तकांतली पाच-दहा तरी शाळेच्या पुस्तकात लपवून वाचलेला माणूस आमच्याकडे वाड्यावाड्यावर सापडतो. घोडं अडलंय जागेपाशी. आग्वाद किल्ल्यातला जुना तुरुंग आणि पणजीतला मॅकेनिझ पॅलेस अशी दोन नावं पुढे आली आणि दोन तट पडले. तुमच्याही डोक्यात असं काही असेल, तर आमचं भांडण तुमच्या कामी यावं.

पहिला तट आग्वादचा. तुरुंगात गुन्हेकथा, म्हणजे काय थाट! किल्ला १६१२चा, २०१५पर्यंत तिथे खरे कैदी होते, मग ते कोलवाळच्या तुरुंगात गेले आणि २०२१च्या डिसेंबरात नूतनीकरण झालेला तुरुंग लोकांसाठी खुला झाला. दगडी भिंती, जाड गज, खाली समुद्र. देखावा म्हणून याला तोड नाही.

पण दोन गोष्टी खटकतात. एक साधी आहे: वारा. समुद्रावरून येणारा वारा माइकमध्ये असा घुसतो की खुनाचा संशयित कोण हे चौथ्या रांगेला कळतच नाही. शिवाय सुट्टीच्या दिवशी कांदोळीच्या रस्त्यावर गाड्यांची रांग हलत नाही, आणि आमचे बरेचसे श्रोते कदंबच्या सरकारी बसवर अवलंबून. दुसरी गोष्ट माझ्या मते जास्त मोठी. इथेच पोर्तुगिजांनी डॉ. राममनोहर लोहियांना आणि गोवा मुक्तिलढ्यातले नेते त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हा यांना डांबलं होतं. ज्या कोठड्या लोक चपला काढून बघतात, त्यांच्या दारात ‘खुनी कोण?’ म्हणून टाळ्या घ्यायला माझी जीभ रेटत नाही. आमच्यातल्या तरुणांना हे हळवेपण वाटतं. वाटू दे.

आता पणजी. जुनं थिएटर म्हटलं की आमच्या पिढीला सिने नॅशनल आठवतं, पण ते कधीचं बंद. मॅकेनिझ पॅलेस जन्मानं थिएटर नव्हेच. वाडा १७०२चा, मांडवी नदीच्या काठावर. २००४ साली इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, गोव्यात आला आणि या आवारात सिनेमाचे पडदे लागले. मला मात्र मोह आहे तो मधल्या काळाचा. १८४२ साली सुरू झालेल्या मेडिकल स्कूलचं हे आवार. रहस्यकथेत तिसऱ्या पानावर ‘शवविच्छेदनाचा अहवाल’ येतो ना, ते शास्त्र इथे पिढ्यान् पिढ्या शिकवलं गेलं. याहून नेमकी जागा कुठली?

बाहेर पडून नदीकाठानं थोडं चाललात की जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारियांचा पुतळा. १९४५ साली रामचंद्र कामतांनी घडवलेला. फारिया संमोहनाचे जाणकार, समोरची बाई संमोहित होऊन कलंडते आहे. पण नवखा पाहुणा हमखास विचारतो, ‘हा तिचा गळा दाबतोय की काय?’ रविवारच्या सकाळच्या फेरफटक्याची सुरुवात इथूनच करावी.

थिएटरचे तोटेही सांगतो, ते अनुभवाचे आहेत. पूर्वी एकदा एका जुन्या चित्रपटगृहात आम्ही अभिवाचन केलं. वाचणारा पडद्यासमोर उभा, प्रोजेक्टरचा झोत थेट डोळ्यांत, हातातला कागद पांढराफटक. बिचारा दोनदा तीच ओळ वाचून गेला. थिएटरातला उजेड पडद्यासाठी असतो, माणसासाठी नाही. तेव्हा वाचकाजवळ टेबलावर एक साधा दिवा न्याच. आणि खुर्च्या जमिनीला ठोकलेल्या. सगळे एकमेकांच्या डोक्यामागे बघत बसतात, वाद रंगत नाही. गप्पांची सत्रं म्हणून मी पणजीतल्याच पाटो भागातल्या कृष्णदास शामा ग्रंथालयाकडे ढकलीन. बसस्टँड हाकेच्या अंतरावर, खुर्च्या गोल मांडता येतात.

परवानगीचं आधी बघा. घरी डीव्हीडी आहे म्हणून चित्रपट चारचौघांत दाखवता येत नाही. हक्क ज्याच्याकडे त्याची संमती लागते. छापील कथेतला वाजवी उतारा जाहीरपणे वाचायला कायद्याची आडकाठी नाही, पण अख्खी कथा वाचायची तर लेखकाला किंवा वारसांना विचारा. लेखक जाऊन साठ वर्षं उलटली असतील तर प्रश्न मिटला.

एकूण माझं मत मॅकेनिझला: शनिवारी संध्याकाळी चित्रपट आणि एकच कथा, बाकी सगळं ग्रंथालयात. पावसाळ्यात ठेवलंत तर आग्वादचा विचारसुद्धा नको. आणि थिएटर घेतलंच आहे तर मध्यंतराचा उपयोग करा. शेवटच्या पानाआधी थांबा, दिवे लावा, चहा द्या, प्रत्येकाच्या हातात चिठ्ठी द्या: खुनी कोण ते लिहा. डिचोलीत आम्ही हे केलं तेव्हा सगळ्यांत जास्त चिठ्ठ्या बिचाऱ्या स्वयंपाकीणबाईंच्या नावावर पडल्या, आणि त्या तर पहिल्या प्रकरणापासून माहेरी होत्या.