टाकीवाला एअरब्रश कॉम्प्रेसर : नागपूरचा उन्हाळा आणि पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

हवेच्या जोराने रंग फवारणाऱ्या एअरब्रशला हवा पुरवणारा हा कॉम्प्रेसर जुलै महिन्यात एअरब्रशला हात न लावताही दर थोड्या वेळाने आपोआप सुरू होऊ लागला, आणि विक्रेत्याशी झालेल्या लांबलचक पत्रव्यवहारातून काहीही निष्पन्न झाले नाही, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. तेलविरहित पिस्टन, तीन लिटरची टाकी, टाकीतील हवेचा दाब ४ बार झाला की बंद आणि ३ बारवर उतरला की पुन्हा सुरू होणारा प्रेशर स्विच, बाजूला दाब ठरवणारा रेग्युलेटर आणि त्याच्याखाली हवेतील पाणी पकडणारा पारदर्शक वाटीचा मॉइश्चर ट्रॅप, हा साचा विमानांच्या प्रतिकृती रंगवणाऱ्या सर्वांच्या परिचयाचा आहे. एकाच साच्यावर विक्रेत्यागणिक वेगळे नाव छापलेले असते, त्यामुळे माझ्या यंत्रावर कोणते नाव आहे याला फारसे महत्त्व नाही.

मी फक्त पंख्याची जुनी विमाने बांधतो आणि तीही १:७२ या प्रमाणात, म्हणजे खऱ्या विमानाच्या बहात्तराव्या भागाएवढी, कारण घरातील काचेच्या कपाटात त्याहून मोठी विमाने मावत नाहीत. मार्चमध्ये या यंत्रावर पहिले काम केले ते हरिकेन या दुसऱ्या महायुद्धातील लढाऊ विमानाचे. १९४४ साली इम्फाळला अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखाली लढलेल्या भारतीय वायुदलाच्या पहिल्या स्क्वॉड्रनचे विमान मला करायचे होते. वरच्या बाजूला गडद हिरवा आणि मातकट तपकिरी असे दोन रंग, आणि जपानी विमानांवरील लाल गोलाशी गल्लत होऊ नये म्हणून लाल रंग वगळलेली, निळ्याच्या दोन छटांची वर्तुळे. खऱ्या विमानावर दोन रंगांमधील सीमा एखाद-दोन इंच धूसर असेल, तर १:७२ मध्ये ती साधारण अर्ध्या मिलिमीटरची होते. इतकी बारीक धूसर रेषा काढायची तर दाब १२ पीएसआयच्या (सुमारे ०.८ बार) आसपास ठेवावा लागतो आणि तो अजिबात हलता कामा नये. बिनटाकीच्या कॉम्प्रेसरमध्ये पिस्टनचा प्रत्येक ठोका हवेतून नोझलपर्यंत पोहोचतो आणि रेषा थरथरते. येथे टाकी तो ठोका गिळून टाकते. ०.३ मिलिमीटरच्या नोझलमधून जी रेषा आली ती पाहून सात-साडेसात हजार रुपये सार्थकी लागल्याचे समाधान मिळाले, आणि त्या महिन्यात कोणी विचारले असते तर मी डोळे मिटून हेच यंत्र घ्यायला सांगितले असते.

एप्रिल संपता संपता अडचणी सुरू झाल्या. नागपुरात पारा ४५ अंशांच्या आसपास गेला की ॲक्रिलिक रंग सुईच्या टोकावरच वाळतो. दोन-तीन फवारे मारावेत, टोक पुसावे, पुन्हा मारावेत, अशा रीतीने पंखाची एक बाजूसुद्धा सलग रंगत नाही. रंग वाळणे लांबवणारा रिटार्डर घातल्याने थोडा दिलासा मिळतो, पण नवतपाच्या दुपारी तोही पुरत नाही. म्हणून या शहरातील प्रत्येक घरात जे केले जाते तेच मीही केले आणि खिडकीतला कुलर सुरू ठेवून काम करू लागलो. रंग वाळणे थांबले आणि त्याच्या जागी नोझलमधून पाण्याचे थेंब येऊ लागले.

या थेंबांविषयी मी जरा विस्ताराने लिहिणार आहे, कारण माझ्या मते या यंत्राची खरी परीक्षा येथेच होते आणि मी वाचलेल्या एकाही अभिप्रायात त्यावर दोन ओळींपेक्षा अधिक मजकूर नव्हता. गेजवर ४ बार दिसतात तेव्हा टाकीतील हवा प्रत्यक्षात वातावरणाच्या पाचपट दाबाखाली असते, म्हणजे खोलीतील पाच लिटर हवा एका लिटरमध्ये कोंबलेली असते आणि तिच्यातील बाष्पही पाचपट दाटते. त्यामुळे खोलीतील हवेची आर्द्रता २० टक्क्यांहून अधिक असेल, तर ती हवा टाकीत थंड झाल्यावर जास्तीच्या बाष्पाचे पाणी झालेच पाहिजे. मे महिन्यातील बाहेरची कोरडी हवा या मर्यादेच्या आसपास असते, परंतु कुलरसमोरची हवा तिच्या कितीतरी पुढे गेलेली असते. पावसाळ्यात आर्द्रता ८० टक्के धरली तर आत ओढलेल्या बाष्पापैकी सुमारे तीन चतुर्थांश भाग पाणी होऊन टाकीत उतरतो. टाकीच्या तळाचा स्क्रू सैल केल्यावर पांढऱ्या फडक्यावर जे तांबूस पाणी येते ते हेच, आणि तो तांबूसपणा टाकीच्या आतील लोखंडाचा गंज असतो. माहितीपत्रकात या स्क्रूचा उल्लेख एका वाक्यात उरकला आहे. प्रत्यक्षात प्रत्येक बैठकीनंतर तो उघडला पाहिजे.

आता मॉइश्चर ट्रॅपविषयी. तो रेग्युलेटरच्या खाली, म्हणजे टाकीला अगदी लागून बसवलेला आहे, आणि माझा सर्वांत मोठा आक्षेप या जागेवर आहे. ट्रॅप पकडतो ते पाण्याचे कण, बाष्प नव्हे. मोटर सतत चालून टाकी तापली असेल तर हवा गरमच बाहेर पडते, ट्रॅपमधून बाष्परूपात सहज निघून जाते, पुढे रबरी नळीत थंड होते आणि तेथे तिचे पाणी होते. वाटी कोरडी आणि नोझल ओले, हा प्रकार त्यामुळे घडतो. एअरब्रशच्या मुठीखाली बसणारा छोटा ट्रॅप सोबत दिला असता तर त्याचा खर्च यंत्राच्या किमतीच्या मानाने नगण्य ठरला असता. तो मला वेगळा विकत घ्यावा लागला.

एखादा म्हणेल की थेंबभर पाण्याचा एवढा बाऊ कशाला. मातकट हिरव्या हरिकेनवर असा थेंब पडला तर वरून आणखी एक हात मारून तो झाकता येतो. माझ्या टेबलावर मात्र डकोटा हे दोन इंजिनांचे जुने विमान होते. १९४९ मध्ये सुरू झालेल्या रात्रीच्या टपालसेवेत दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपुरात एकत्र येत, येथे टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत ती आपापल्या शहरी परतत. नागपूरच्या सोनेगाव विमानतळाच्या धावपट्टीवर उतरणारे त्या काळचे एक डकोटा, रंग न चढवलेल्या चकचकीत ॲल्युमिनियममध्ये, करावे ही माझी अनेक वर्षांची इच्छा आहे. १:७२ मध्येही या विमानाचा पंखविस्तार चाळीस सेंटिमीटरच्या वर जातो. उघड्या धातूचा आभास आणणारे लॅकर अतिशय पातळ असते आणि ते आरशासारख्या गुळगुळीत काळ्या थरावर मारावे लागते. खालच्या थरात टाचणीच्या टोकाएवढा खड्डा असला तरी वरची चंदेरी झाक तो लपवत नाही, उलट ठळक करून दाखवते. डाव्या पंखावर असा एक थेंब पडला, आणि तो भाग ओल्या पॉलिश पेपरने घासून, पॉलिश करून, पुन्हा काळा करावा लागला. असे घासताना मूळ प्लास्टिकवर कोरलेल्या पत्र्यांच्या जोडरेषा बुजण्याची भीती असते, आणि डकोटाच्या पंखावर त्या रेषा भरपूर आहेत.

यंत्र आपोआप सुरू होण्याची तक्रार याच सुमारास उद्भवली. विक्रेत्याने आधी चलचित्र मागवले, मग ते पाहून यंत्राचा वापर व्यावसायिक असल्याचा संशय व्यक्त केला, आणि शेवटी माझ्या खर्चाने यंत्र परगावी पाठवावे, तपासणीनंतर हमीविषयी निर्णय होईल, असे कळवले. अशा जड वस्तूचे जाण्या-येण्याचे कुरियर भाडे भरून निर्णयाची वाट पाहण्याची माझी तयारी नव्हती. हमीपत्रावर ‘घरपोच सेवा’ हे शब्द छापलेले असताना अशी अट घालणे मला आजही अत्यंत अनुचित वाटते.

सर्व जोडांवर साबणाचे पाणी लावून पाहिले, तेव्हा कोठेही बुडबुडा आला नाही. मोटर थांबल्यावर मात्र पंपाच्या बाजूने बारीक फुसफुस ऐकू येत होती. सीताबर्डीतील एका फ्रीज दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे यंत्र नेले. टाकीत शिरलेली हवा पंपाकडे परतू नये म्हणून जो नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असतो, त्यातील रबरी चकती कडक होऊन चिरल्याचे त्यांनी उघडताक्षणी दाखवले. नवी चकती आणि आट्यांवर नवी टेफलॉन टेप, एवढ्यावर काम भागले, आणि त्याचे पैसे कुरियरच्या एका बाजूच्या भाड्यापेक्षाही कमी झाले.

या दुरुस्तीनंतर ट्रॅपविषयीचे माझे मत काही अंशी बदलले. हवा गळत असल्यामुळे मोटर पुन्हा पुन्हा सुरू होत होती, टाकी कधी थंडच होत नव्हती, आणि म्हणून हवा गरम अवस्थेत नळीत जात होती. आता मी टाकी भरून घेतो, ती हाताला थंड लागेपर्यंत थांबतो, तळाचे पाणी काढतो आणि मगच काम सुरू करतो. अशी थंड झालेली हवा ४ बारवरून १ बारवर उतरते तेव्हा तिची आर्द्रता ४० टक्क्यांवर येते आणि नळीत पाणी होण्याचे कारण उरत नाही. ऑगस्टच्या झडीतही थेंब आलेला नाही. ट्रॅपची जागा चुकीची आहे हे मत कायम आहे, पण त्यापायी यंत्र नाकारावे असे आता वाटत नाही.

पावसाळ्यातील दुसरी एक तक्रार या यंत्राच्या माथी मारू नये. लॅकरवर येणारी पांढुरकी झाक हा कॉम्प्रेसरचा दोष नाही. द्रावक झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड पडतो आणि खोलीतील दमट हवेचे बाष्प त्यावर जमते. सावकाश उडणारे थिनर वापरणे किंवा पाऊस उघडलेल्या कोरड्या दिवसाची वाट पाहणे हाच त्यावर इलाज आहे.

इतर बाबी थोडक्यात सांगतो. आवाज शेजारच्या खोलीत बोलणे थांबवण्याइतका नाही. वीज गेल्यावर घरच्या इन्व्हर्टरवर यंत्र विनातक्रार चालते. मे महिन्यात अर्ध्या तासाच्या सलग कामानंतर मोटर तापून स्वतःहून बंद पडते आणि थंड झाल्यावर सुरू होते, त्यात बिघाड समजू नये. रेग्युलेटरची मूठ ढिली आहे आणि तिच्या धक्क्याने दाब सरकतो, म्हणून दाब ठरवल्यावर ती खाली दाबून अडकवावी. सोबत आलेला एअरब्रश प्रायमरसाठी, म्हणजे रंगाआधीच्या पहिल्या थरासाठी, ठेवावा आणि बारीक कामासाठी वेगळा घ्यावा.

नव्याने घेणाऱ्याने विक्रेत्याकडून दोन गोष्टी लेखी मागून घ्याव्यात: हमीच्या काळातील वाहतूक खर्च कोणाचा, आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्हची चकती सुटी मिळते की नाही. मी त्या कारागिराकडून एक जादा चकती करून घेतली आहे. डकोटाचा उजवा पंख आणि शेपटी चंदेरी झाली आहे, आणि डाव्या पंखाचे काम ऑक्टोबरची कोरडी हवा सुरू झाल्यावर हाती घेईन.