पावसाळा काढलेला हॉट-स्वॅप कीबोर्ड: बिनभरवशाच्या बटणांचा बंदोबस्त

७५ टक्के लेआउट (वेगळा नंबरपॅड नसलेला आटोपशीर कीबोर्ड), हॉट-स्वॅप सॉकेट (बटणाखालचा स्विच सोल्डर न काढता उपसून बदलता येतो), ३-पिनचे लिनिअर स्विच (दाबताना मध्ये अडथळा न जाणवणारे), क्यूएमके फर्मवेअर (कीबोर्डच्या आत चालणारं सॉफ्टवेअर). मुंबईत खिडकीजवळचं टेबल, एसी नाही, उन्हाळ्यापासून पावसाळा उलटेपर्यंत रोजचं टायपिंग. एवढ्या वापरानंतरचं मत असं, की बोर्ड झकास आहे, पण या हवेत एखाददुसरं बटण दगा देणारच, म्हणजे एका दाबात दोनदा उमटणार किंवा उमटणारच नाही, असं धरून चालावं. म्हणून सोल्डर केलेला बोर्ड थोडा स्वस्त मिळत असला तरी हॉट-स्वॅपच घ्यावा. आवाज, फील, लाइट यांवर सगळेच लिहितात. इथे फक्त बटणाचे उपाय आणि ते किती टिकले.

मराठी टाइप करणाऱ्याला हा रोग लवकर कळतो. इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या प्रमाण कळ-मांडणीत काना ‘ई’वर आणि हलन्त ‘डी’वर, त्यामुळे या दोन बटणांना उसंत नसते. इंग्रजीत एखादा ‘ई’ जादा पडला तर नजरेतून सुटतो. मराठीत दुसरा काना ठिपक्यांच्या वर्तुळाला लटकून उभा राहतो आणि दुसरा हलन्त जोडाक्षर फोडून टाकतो.

एमएक्स पद्धतीच्या (चेरी कंपनीच्या एमएक्ससारख्या) स्विचमध्ये तांब्याच्या मिश्रधातूच्या दोन पत्त्या असतात, एक स्थिर, एक हलती. स्टेमचा, म्हणजे बटण पेलणाऱ्या दांड्याचा, पाय हलत्या पत्तीला दूर धरून ठेवतो. बटण साधारण २ मिमी खाली गेलं की तो पाय बाजूला सरतो आणि पत्त्या भिडतात. भिडताना त्या काही मिलिसेकंद थरथरतात. ती थरथर मोजणीत येऊ नये म्हणून फर्मवेअर थांबतं. क्यूएमकेत हा डिबाउन्स मुळात ५ मिलिसेकंदांचा. संपर्कबिंदूवर ऑक्साइडचा पापुद्रा किंवा कापसाचा तंतू बसला की थरथर त्यापेक्षा लांबते आणि एक दाब दोन म्हणून मोजला जातो. थर जाड असेल, किंवा कारखान्यात लावलेलं ग्रीस पत्तीवर ओघळलं असेल, तर दाब मुळी पोचतच नाही. समुद्राची खारी दमट हवा आणि दिवसभर फिरणारा पंखा दोन्ही गोष्टींना हातभार लावतात.

स्प्रे मारण्याआधी निदान करा, कारण दोष निम्म्या वेळा स्विचमध्ये नसतोच. केबल काढा, पुलरने बिघडलेला स्विच उपसा आणि क्वचित लागणाऱ्या बटणाच्या, म्हणजे पॉज किंवा उजव्या कंट्रोलच्या, स्विचशी अदलाबदल करा. दोष स्विचबरोबर गेला तर स्विच खराब. जागेवरच राहिला तर सॉकेट, डायोड (वीज एकाच दिशेला जाऊ देणारा छोटा भाग) किंवा पिन. काढलेल्या स्विचच्या पिना उजेडात बघाच. घाईत बसवताना एक पिन दुमडून पोटाखाली जाते आणि कधी टेकते, कधी नाही. चिमट्याने सरळ केली की काम झालं. पिना ठीक असतील तर केबल जोडून, स्विच नसलेल्या सॉकेटची दोन भोकं धातूच्या चिमट्याने जोडा आणि व्हाया या कीबोर्ड-सेटिंगच्या अ‍ॅपच्या की-टेस्टमध्ये पाहा. दर वेळी नोंद झाली तर बोर्ड निर्दोष आहे. यूएसबीचे ५ व्होल्ट आहेत, शॉकची भीती नाही, फक्त चिमटा शेजारच्या घटकांना लागू देऊ नका.

स्विचच दोषी ठरला तर पहिला उपाय ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल. औषधाच्या दुकानातल्या ७० टक्केवाल्यात उरलेलं बहुतेक पाणीच असतं, ते नको. स्विच बोर्डातून काढून, स्टेम दाबून धरून, ड्रॉपरने दोन-तीन थेंब आत सोडा, पन्नासेक वेळा दाबा, उलटा करून पंख्याखाली ठेवा. पावसाळ्यात दोन तास तरी थांबावं. फायदा लगेच दिसतो, पण टिकत नाही: कोरड्या दिवसांत याने निभावलं, जुलैत त्याच बटणांनी पुन्हा डोकं वर काढलं. शिवाय अल्कोहोल ग्रीस धुऊन नेतं, मग बटण खरखरीत लागतं आणि स्प्रिंग किणकिणते. प्लास्टिकला चालणारा कॉन्टॅक्ट क्लीनर थोडा बरा. घरातला नेहमीचा डब्ल्यूडी-४० मात्र अजिबात नको. त्याची तेलकट साय राहते आणि तिच्यावर धूळ चिकटते.

टिकलेला इलाज एकच: नवा स्विच. ओपनरने जुना उघडून पत्ती ब्रशने साफ करता येते, ग्रीस सांडलेल्या स्विचला ते पुरतंही; पण मुलामा झिजलेल्या पत्तीवर मेहनत घेण्यात अर्थ नाही. बसवताना एक पथ्य. सॉकेट बोर्डाच्या मागच्या बाजूला फक्त पॅडवर (तांब्याच्या पातळ थरावर) सोल्डर केलेलं असतं. मागून बोटाचा आधार न देता वरून दाबलं तर पॅडच उखडतो. सॉकेटच ढिलं झालं असेल तर फ्लक्स (सोल्डर नीट पसरवणारं रसायन) लावून, सोल्डरिंग आयर्नचं ३२० ते ३५० अंशांवरचं टोक दोन-तीन सेकंद टेकवून सोल्डर पुन्हा वितळवा. तरीही नोंद नसेल तर त्या बटणाचा डायोड तपासा, बहुधा १एन४१४८ जातीचा असतो.

डिबाउन्स वाढवणं ही मलमपट्टी आहे. ५ चे १० केले की सौम्य चॅटर (एका दाबाचे दोन होणं) दबतो. दाबच न पोचणाऱ्या बटणावर त्याचा शून्य उपयोग, आणि क्यूएमकेच्या मूळ पद्धतीत टायमर साऱ्या बोर्डाला मिळून एकच असल्यामुळे एका थरथरत्या बटणापायी बाकीचीही रखडतात. कामाच्या गर्दीत दोन दिवस काढायला ठीक.

सोल्डर केलेला बोर्ड आधीच घरात असेल तर स्विच काढण्यासाठी जुन्या जोडावर आधी थोडं नवं ६०/४० सोल्डर घाला, मग पंपाने ओढा. शिसं नसलेलं जुनं सोल्डर २२० अंशांच्या आसपास वितळतं, ६०/४० त्याच्या बरंच आधी. दोन्ही मिसळले की काढणं सोपं जातं. स्विच सैल होण्याआधी ओढलात तर भोकाचा आतला मुलामा निघून येतो. पंप, विक (सोल्डर शोषणारी तांब्याची वेणी), फ्लक्स, डायोड सगळं ग्रँट रोड स्टेशनजवळ लॅमिंग्टन रोडला मिळतं. स्विच ऑनलाइन मागवा, आणि पिना जपून निवडा: काही स्वस्त बोर्डांची सॉकेटं फक्त औटेमू कंपनीच्या स्विचच्या बारीक पिना घेतात, त्यात दुसरी पिन कोंबली की सॉकेट कायमचं फाकतं. ५-पिनचा स्विच ३-पिनच्या बोर्डात बसवायचा तर प्लास्टिकच्या दोन जादा काड्या कटरने छाटून टाका.

किनाऱ्याच्या हवेसाठी केल कंपनीचे बॉक्स जातीचे स्विच उजवे. त्यांचा संपर्क बंद खोक्यात असतो, धूळ कमी शिरते. ‘ई’ आणि ‘डी’वर तेच बसवलेत, बाकी जुनेच ठेवलेत. ऑगस्टमध्ये त्या दोघांनी एकदाही त्रास दिला नाही. स्पेसबार मात्र आता चुकायला लागलाय.